शिंपल्याची परीक्षा

रत्नागिरीच्या आसपासच्या खाडीकाठच्या वाड्यांमधून मी गेली सव्वीस वर्षं पोस्टाच्या आरडीचे हप्ते गोळा करते. शिक्षण बारावीपर्यंत. प्राणिशास्त्राशी संबंध आला तो चाळिशीत, आणि तोही या हप्त्यांमुळेच. घरोघर जायचं तर बाया घरी सापडायला हव्यात. या वाड्यांतल्या बाया घरी कधी असतात ते घड्याळावर ठरत नाही, ओहोटीवर ठरतं. म्हणून आधी मी भरती-ओहोटीचं गणित शिकले, आणि मग ओहोटीला या जातात कुठे नि करतात काय, ते बघायला एक दिवस साडीचा काचा मारून त्यांच्याबरोबर पाण्यात उतरले. तेव्हापासून हप्त्यांच्या वहीबरोबर दुसरी एक वही माझ्या पिशवीत असते. तिच्यात शिंपल्यांबद्दल ऐकलेलं, पाहिलेलं आणि पुढे वाचलेलं सगळं उतरवून ठेवलं आहे. हातांनी वेचलेले शिंपले पोटाला सुखरूप कसे पडतील, याबद्दल या दोन वह्यांनी मला जे शिकवलं ते इथे मांडते. त्यातली महत्त्वाची गोष्ट मला पहिल्या वहीनं, म्हणजे हप्त्यांच्या वहीनं शिकवली, तीही फार उशिरा.

नावांचा गोंधळ आधी निस्तरते. मुंबई-रायगडकडे शिवल्या म्हणतात, आमच्याकडे तिसऱ्या आणि मुळे, गोव्यात तिसऱ्यो आणि खुबे. वाळू-चिखलात रुतून राहणारी ही सगळी मंडळी. खडकाला कायमची चिकटलेली ती कालवं. आणि स्वतःच्या अंगातून काढलेल्या दोऱ्यांनी खडकाला बांधून घेतलेले, हिरवट कडांचे लांबट ते शिनाणे. एकच नाव दोन गावांत दोन वेगळ्या जिवांना असतं, त्यामुळे वाद होतात. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने यांच्यात साम्य आहे ते महत्त्वाचं. दोन शिंपांमध्ये राहणारा हा जीव हिंडून अन्न शोधत नाही. तो पाणी आत ओढतो, कल्ल्यांवर गाळतो, त्यातलं बारीक शेवाळ खातो आणि पाणी बाहेर सोडतो. चांगलं वाढलेलं एक कालव तासाला काही लिटर पाणी असं गाळू शकतं. पाण्यात जे असेल ते गाळणीत उरणारच. मासा घाण पाण्यातून निघून जाऊ शकतो, शिंपला तिथेच बसतो. शिवाय मासा आपण पोट काढून, साफ करून खातो; तिसरी आपण पोटासकट खातो. शिंपल्याच्या सगळ्या धोक्यांचं मूळ या दोन वाक्यांत आहे.

आता बायांचं ज्ञान. त्याची सुरुवात तिथीपासून होते. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो भरतीचा तास. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला आणि ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी, भर बाराला. बीजेला दोन पाऊण दीड. दीडला भरती आणि सकाळी पावणेआठच्या आसपास ओहोटी. आमच्या किनाऱ्यावर हे गणित अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जुळतं. पुनवेनंतरची आणि अवसेनंतरची बीज-तीज बायांना फार प्रिय, कारण उधाणाचा जोर पुनव-अवसेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो. पाणी खूप मागे जातं आणि तेही सकाळच्या उन्हं कोवळी असतानाच्या वेळेला. अष्टमीच्या भांगाला कोणी खाडीत उतरत नाही. पाणी धड हटत नाही आणि डोक्यावर ऊन.

नवख्या माणसाला खाडीत खरा धोका समोरून येत नाही. आपण वाळूच्या पट्टीवर वाकून वेचत असतो. ती पट्टी उंच असते, आणि तिच्या व काठाच्या मध्ये एखादी खोलगट चर असते. भरती वळली की पाणी आधी त्या चरीत शिरतं. पट्टी कोरडीच दिसते आणि परतीची वाट कमरेइतकी भरलेली असते. म्हणून बाया समुद्राकडे पाहतच नाहीत, चरीकडे पाहतात. चरीतलं वाहतं पाणी थांबलं की पाटी डोक्यावर. अर्धी भरलेली असली तरीही. मी एकदा 'अजून पाच मिनिटं' म्हणून मागे राहिले होते. काकींनी लांबूनच हाक मारली, "गो, तिसऱ्या उद्यापण आहेत!" त्यांची ही हाक मला आजही ऐकू येते. एकटीने उतरायचं नाही, उथळ पाण्यात पाऊल उचलून न टाकता घासत चालायचं म्हणजे वाळूत दडलेली पाकट आधीच सरकते, आणि खडकावर कालवं काढताना पायांत जाड तळाचं काहीतरी हवंच, हे नियमही तिथेच ऐकले. कालवाची धार ब्लेडसारखी असते. ती जखम साधी नसते, त्याकडे पुढे येते. शंकूच्या आकाराचा, नक्षीदार, जिवंत शंख दिसला तर तो उचलायचा नाही. त्या कुळातले काही शंख विषारी सुई मारतात. आणि जुन्या गोवेकरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जो चपटा अर्धपारदर्शक शिंपला लावलेला दिसतो, तो जिवंत सापडला तर तिथेच सोडायचा. वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

वेचलेल्या तिसऱ्यांची परीक्षा काठावरच सुरू होते. जिवंत तिसरी तोंड मिटून बसते. थोडं उघडं असेल तर टिचकी मारावी, दोन तिसऱ्या एकमेकींवर आपटाव्यात. हळूहळू का होईना, मिटली तर ठीक. नाही मिटली तर ती मेलेली. मेलेल्या शिंपल्यात जंतू किती वेगाने वाढतात ते मे महिन्याच्या दुपारी वेगळं सांगायला नको. याच्या उलट एखादी घट्ट मिटलेली, पण हातात उगाच जड लागणारी असते, तिच्यात चिखल भरलेला असतो. ती एक जरी भांड्यात गेली तरी सगळी आमटी वाया जाते. म्हणून काकी प्रत्येक तिसरी हातात खेळवून, दोन बोटांत दाबून बघतात. दोन्ही शिंपा एकमेकींवर सरकल्या तर आत चिखल. हे मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नाही.

घरी आणल्यावर तिसऱ्या खाडीच्याच पाण्यात रात्रभर ठेवायच्या, म्हणजे पोटातली वाळू टाकतात. नळाच्या पाण्यात ठेवल्या तर त्या गोड्या पाण्याला घाबरून तोंड मिटतात किंवा मरतात. पिशवीत गच्च बांधून आणू नयेत, ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवाव्यात. आणि पावसाळ्यात, निदान पहिले दोन महिने, खाडीत जायचंच नाही. याचं कारण विचारलं तर कोणी म्हणतं पाणी गोडं होतं, कोणी म्हणतं तेव्हा मांस भरत नाही, कोणी नुसतंच म्हणतं, "नसतंच जायचं." कारण कोणतंही असो, नियम खणखणीत आहे. पहिल्या पावसाने सगळ्या गावाची घाण वाहून खाडीत येते. अमेरिकेत ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त पाऊस झाला की शिंपले काढायच्या कित्येक जागा सरकारी हुकमाने काही दिवस बंद ठेवतात. आमच्याकडे हा हुकूम परंपरेने काढला आहे. फक्त अलीकडे नोव्हेंबरातही धो-धो पडतो, आणि त्या पावसाला परंपरेत नियम नाही. मी माझ्यापुरता केला आहे: अवकाळी झाला की आठवडाभर तिसऱ्या नाहीत.

एवढं सगळं वहीत उतरवल्यावर मी खूश होते. २०१४ साली एका स्थानिक कार्यक्रमात 'खाडीकाठचं शहाणपण' या विषयावर बोललेही. या बायांना विज्ञानाने शिकवावं असं काही उरलेलं नाही, असं ठासून सांगितलं. टाळ्या पडल्या. ते भाषण मी आता परत घेते.

त्यानंतर दोनेक वर्षांनी शांघायमधल्या काविळीबद्दल वाचनात आलं. १९८८च्या जानेवारी ते मार्चमध्ये त्या शहरात सुमारे तीन लाख माणसांना 'हेपॅटायटिस ए' प्रकारची कावीळ झाली. कारण निघालं ते शिंपले. सांडपाण्याने दूषित झालेल्या किनाऱ्यावरून काढलेले, आणि तिथल्या आवडीप्रमाणे उकळत्या पाण्यात जेमतेम बुडवून, अर्धवट उघडताच खाल्लेले. वाचताना दोन वाक्यांवर मी अडखळले. पहिलं असं, की हा विषाणू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत पंधरा ते पन्नास दिवस जातात, बहुधा चार आठवडे. दुसरं असं, की लहानपणी ही कावीळ होऊन गेली तर बहुतेकदा कळतही नाही, आणि पुढे जन्मभर पुन्हा होत नाही. पहिल्यांदाच मोठेपणी झाली तर मात्र ती माणसाला आडवं करते.

मी उठून माळ्यावरच्या जुन्या वह्या काढल्या. आरडीचा हप्ता उशिरा भरला तर शंभराला महिना एक रुपया दंड पडतो. त्यावरून भांडणं होतात, म्हणून हप्ता चुकला की समासात कारण लिहून ठेवायची माझी सवय. 'बाळंतपण', 'मुंबईस गेली', 'बैल मेला'. २०११च्या जून महिन्यात एकाच वाडीतल्या नऊ घरांपुढे मी 'कावीळ' असं लिहिलं होतं. माझ्याच अक्षरात. पाच वर्षं ते तिथे होतं.

तेव्हा वाडीत सगळे म्हणाले, नवं पाणी बाधलं. पावसाचं पहिलं पाणी विहिरीत उतरलं की पोटं बिघडतात, हे कोणाला नवीन नव्हतं. मीही मान डोलावली होती. तिसऱ्यांचं नाव कोणी काढलं नाही, कारण तिसऱ्या खाल्ल्या होत्या मे महिन्यात, चाकरमानी आले होते तेव्हा, आणि त्या दिवशी कोणाला काही झालं नव्हतं. शिवाय म्हाताऱ्या माणसांनी सर्वांत जास्त ओरपल्या होत्या आणि ती ठणठणीत होती. पडली ती तरुण मुलं, सुना, आणि मुंबईला परत गेलेले दोन पुतणे. त्यातल्या एका सुनेला दीड महिना इस्पितळात आणि नंतर माहेरी राहावं लागलं. ती माझी चुलत बहीण. त्या तिसऱ्या काठावरून मीच तिच्या घरी पोचवल्या होत्या, हप्त्याला जाता जाता.

मग मी वाडीत पुन्हा फिरले, या वेळी हप्त्यासाठी नव्हे. नऊपैकी सात घरं एका विहिरीवरची, दोन दुसऱ्या विहिरीवरची. पहिल्याच विहिरीचं पाणी पिणारं एक माळकरी घर होतं, तरण्या पोरांचं. तिथे कोणी आजारी पडलं नव्हतं. ज्या दोघांची तपासणी झाली होती त्यांच्या कागदावर 'ए' प्रकार लिहिलेला होता. आणि खाडीच्या वरच्या अंगाला, आदल्या वर्षी उभ्या राहिलेल्या एका वसाहतीचा नाला पाण्यात सोडला होता. पुरावा म्हणून हे तोकडं आहे. पाच वर्षांनंतर आठवणींवर कोणी खटला उभा करत नाही. पण माझी खात्री पटायला ते पुरेसं होतं.

त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात जो विचार आहे तो एवढाच: खाडीकाठचं शहाणपण एका रात्रीत शिकतं. संध्याकाळी खाल्लं, पहाटेला पोट बिघडलं, तर त्या तिसरीत काय वेगळं होतं ते आजी लक्षात ठेवते आणि नातीला सांगते. मेलेली तिसरी, चिखलाची तिसरी, उन्हात राहिलेली तिसरी, सगळे नियम असेच झाले. पण जे दुखणं महिन्याने येतं, त्याचा धागा कोणी कसा जोडायचा? आणि म्हाताऱ्यांना न होता तरुणांना होतं, ते तर अनुभवाला सरळ चकवतं. ज्यांच्या शब्दावर सगळ्यांचा विश्वास, त्यांनाच ते दिसत नाही. पूर्वी खाडीकाठी बहुतेक सगळ्यांना ही कावीळ लहानपणीच नकळत होऊन जात असे. आता घरोघर चांगलं पाणी आलं, मुलं त्यातून वाचली, आणि म्हणूनच मोठेपणी उघडी पडली. नियम बदलले नाहीत, खाणारी माणसं बदलली, आणि वरच्या अंगाचं पाणी बदललं.

शिजवण्याकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहते. आमच्याकडे तिसरी कच्ची खात नाहीत, असं अभिमानाने सांगतात. पण उकळत्या पाण्यात टाकून 'तोंड उघडलं की उतरव, नाहीतर रबर होतं' हेही आम्हीच सांगतो. तोंड उघडणं ही शिजल्याची खूण नाही. आतला स्नायू सुटला, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो आतलं मांस पुरतं तापायच्या आधीच सुटतो. कावीळीचा विषाणू मारायचा तर मांसाच्या गाभ्याला ९० अंश सेल्सिअसची उष्णता किमान ९० सेकंद लागावी, असं युरोपातलं प्रमाण आहे. आपल्या चुलीवर त्याचा अर्थ असा: तोंडं उघडल्यावर खळखळत्या रश्शात आणखी पाच-सात मिनिटं राहू द्यावं. जी उघडली नाही ती फेकावी. विळीवर कच्च्याच चिरून एका शिंपेसकट मसाल्यात घालायची जुनी पद्धत खरं तर यापेक्षा बरी; त्यात रस्सा चांगला उकळतो. चव थोडी जाते, हे कबूल. खडकावर बसून कालव फोडून, लिंबू पिळून तसंच गिळायची हौस काहींना असते. ज्यांना मधुमेह किंवा यकृताचा आजार आहे त्यांनी ती अजिबात करू नये. कोमट समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओ कुळातले जंतू असतात, आणि त्यातला एक अशा माणसांच्या रक्तात शिरला तर दोन-तीन दिवसांत जिवावर बेततो. तो कालवाने कापलेल्या जखमेतूनही शिरतो. जखम झपाट्याने सुजली, लाल-जांभळी झाली, ताप आला, तर हळद भरून बसू नये.

पण चांगलं शिजवणं हेही सगळ्यावर उत्तर नाही. १९९७च्या सप्टेंबरात केरळात, तिरुवनंतपुरमजवळच्या विळिंजम भागात, खडकांवरचे शिनाणे खाऊन सात माणसं दगावली आणि पाचशेच्या आसपास इस्पितळात गेली. त्याआधी १९८१ साली तामिळनाडूत असंच होऊन तिघे मेले होते. १९८३ साली मंगळूरच्या दक्षिणेला कुंबळे इथे विषबाधा झाली, तिचा अभ्यास मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातल्या इंद्राणी करुणासागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये छापला. म्हणजे हा प्रकार आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरचा, गोव्याच्या पलीकडे एका रात्रीच्या प्रवासावरचा. विळिंजमची माणसं काही नवखी नव्हती. पिढ्यान् पिढ्या शिनाण्यांवर वाढलेली होती. त्यांनी ताजे, जिवंत शिनाणे आणले होते.

इथे जंतू नसतो, विष असतं. समुद्रातल्या काही सूक्ष्म शेवाळांत 'सॅक्सिटॉक्सिन' नावाचं द्रव्य तयार होतं. अनुकूल काळ आला की ही शेवाळं झपाट्याने वाढतात, शिंपला ती गाळून खातो आणि विष त्याच्या अंगात साठतं. शिंपल्याला स्वतःला फारसं काही होत नाही. तो टवटवीत दिसतो, टिचकी मारली की तोंड मिटतो, वास ताजा, चव नेहमीची. उकळून, तळून, व्हिनेगरात घालून विष जात नाही. माणसाला एक ते चार मिलिग्रॅम पुरतं. मोहरीचा एक दाणा साधारण तेवढाच असतो. ते मज्जातंतूंमधला सोडियमचा मार्ग बंद करतं. खाल्ल्यापासून अर्ध्या-एक तासात ओठ आणि जीभ मुंगावतात, मग बोटं बधिर होतात, चालताना तोल जातो, आणि मात्रा जास्त असेल तर श्वासाचे स्नायू थांबतात. यावर उतारा नाही. पण कृत्रिम श्वासावर काही तास, फार तर एक-दोन दिवस काढले तर विष शरीराबाहेर जातं आणि माणूस पूर्ण बरा होतो. म्हणून तिसऱ्या खाल्ल्यावर ओठ मुंगावले तर पित्त म्हणून लिंबू-सोडा देत बसू नये. ताबडतोब १०८ला फोन करावा, व्हेंटिलेटर असलेल्या इस्पितळात न्यावं, आणि भांड्यात उरलेल्या तिसऱ्या डब्यात घालून बरोबर द्याव्यात. डॉक्टरांना 'शिंपले खाल्ले' हे आपण होऊन सांगावं.

पाण्याचा रंग पाहून हे ओळखता येतं का, असं मला हमखास विचारतात. नाही. आमच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्री लाटा निळ्या चमकतात, लोक मोबाइल घेऊन बघायला जातात. ती चमक बहुधा नॉक्टिलुका नावाच्या जिवाची असते, आणि तो हे विष बनवत नाही. उलट विषारी शेवाळ पाण्याचा रंग अजिबात न बदलताही धोकादायक प्रमाणात असू शकतं. मंगळूरच्या किनाऱ्यावर यातल्या एका शेवाळाचे सुप्त कोश तळच्या गाळात सापडले आहेत. ते कधी जागे होतील ते तिथीवरून काढता येत नाही. लसणीची पाकळी रश्शात टाकून ती काळी पडते का बघायचं, चांदीचं नाणं टाकायचं, हे दोन्ही उपाय मी ऐकले आणि दोन्ही निरर्थक आहेत.

एक मात्र मला थबकवून गेला. एका वाडीतल्या खूप म्हाताऱ्या आजी शिजलेल्या तिसऱ्यांतली पहिली मांजराला घालत आणि घटकाभर थांबत. मला गंमत वाटली होती. पुढे वाचलं, की प्रयोगशाळेतही कित्येक दशकं हेच करत. कॅलिफोर्नियात १९२७ साली अशी विषबाधा झाली. त्यानंतर तिथे झालेल्या संशोधनातून १९३७ साली उंदरावरची चाचणी ठरली. शिंपल्याचा अर्क वीस ग्रॅमच्या उंदराला टोचायचा; पंधरा मिनिटांत त्याला मारणारं प्रमाण म्हणजे एक 'उंदीर-एकक'. आजींचं मांजर तत्त्वतः त्याच जातीचं. फक्त एका तिसरीत विष कमी आणि शेजारणीत जास्त असू शकतं, शिवाय मांजराला माणसाची कावीळ होत नाही. आणि गिरण्या-कारखान्यांच्या खाडीतले जड धातू वर्षानुवर्षं साठतात, ते तर मांजराच्या आयुष्यात मावणारंही नाही.

जिथे शिंपले हा मोठा धंदा आहे तिथे हे मांजराचं काम सरकार करतं. अमेरिकेत १९२४-२५च्या हिवाळ्यात कालवांमधून विषमज्वर पसरला, दीडशेच्या आसपास माणसं मेली, आणि १९२५ सालीच तिथे शिंपल्यांच्या पाण्यावर देखरेखीची व्यवस्था उभी राहिली. युरोपात जागांना अ, ब, क असे वर्ग दिलेले असतात. शंभर ग्रॅम मांसात मैल्याचे जंतू २३०च्या आत असतील तर अ वर्ग, ते थेट खाता येतात. ४६००पर्यंत असतील तर ब, ते आधी स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध करावे लागतात. हे शुद्धीकरण म्हणजे आमच्या रात्रभराच्या बादलीचं शास्त्रीय रूप. एक-दोन दिवसांत जंतू बरेच निघून जातात, पण विषाणू चिवटपणे राहतात आणि शेवाळाचं विषही भरवशाने जात नाही. आपल्याकडे निर्यातीच्या मालाची अशी तपासणी होते. घरासाठी किंवा गावच्या बाजारासाठी वेचणारीला वाचता येईल असा एकही फलक मी सव्वीस वर्षांत खाडीकाठी पाहिलेला नाही.

तर मग काय करायचं? खाणं सोडायचं, असं मी म्हणत नाही आणि करतही नाही. मी जागा निवडते. जिथे वरच्या अंगाला नाला, जेटी, बोटींचं तेल, वसाहत, इस्पितळ नाही. जिथे बाया स्वतःच्या घरासाठीही काढतात, फक्त विकायला नाही. हा प्रश्न विचारल्यावर खरं उत्तर मिळायला ओळख लागते. किनाऱ्यावर मासे मरून पडलेत, पाण्याला विचित्र रंग किंवा वास आहे, केरळ-कर्नाटकात कुठे विषबाधेची बातमी आहे, तर मी काही आठवडे थांबते. शिनाण्यांतलं विष बहुधा तेवढ्यात उतरतं. सगळ्यांत उतरतंच असं नाही. या विषाला नाव ज्या सॅक्सिडोमस शिंपल्यावरून पडलं, तो उत्तर अमेरिकेच्या थंड पाण्यातला शिंपला ते दोन-दोन वर्षं धरून ठेवतो. पहिल्यांदा नव्या जागचे शिंपले आणले तर वाटीभरच, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी नाही. लहान मुलांना त्या दिवशी नाहीच. आणि माझ्या घरात 'ए' काविळीची लस सगळ्या तरुणांनी घेतली आहे.

त्या वाडीचं आणि खाडीचं नाव मी या लेखात दिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. २०१६ साली मी ते एका कार्यालयात लेखी दिलं होतं. पोच मिळाली. खाडीतल्या चौदा बाया अजून तिथल्या तिसऱ्या काढून बाजारात वाट्याने विकतात. नाल्यावर काही न होता नुसतं खाडीचं नाव छापून आलं तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या पाट्या भरलेल्याच परत येतील, आणि नाला सोडणाऱ्यांचं काही बिघडणार नाही. हे बरोबर की चूक, यावर माझा आणि माझ्या बहिणीचा वाद अजून चालू आहे. ती म्हणते, नाव दे. ती दीड महिना पडून होती, तिला म्हणायचा अधिकार आहे.

काकींना मात्र मी सगळं सांगितलं. शांघाय, चार आठवडे, नाला, सगळं. त्या ओसरीवर बसून ऐकत होत्या. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे आमच्या हाताला ते कळायचं नाही." मी म्हटलं, नाही. त्यांनी समोरच्या परातीतली एक तिसरी उचलली, दोन बोटांत दाबून बघितली, परत ठेवली. हल्ली त्या घरच्यासाठी नाल्याच्या वरच्या अंगाला, जुन्या साकवापलीकडे जातात. तिथे तिसऱ्या बारीक मिळतात आणि येऊन-जाऊन तास जास्त लागतो. म्हणून आता बीजेला हप्त्यासाठी मी त्यांच्याकडे दुपारी जाते.